पेशकारकाकांची सकाळची पेशी

पेशकारकाका सकाळी हाक मारत नसत, पुकारा करत. औरंगपुऱ्यातल्या आमच्या बोळात दूधवालाही फिरकलेला नसायचा, अशा वेळी जिन्याच्या तळाशी उभं राहून ते ओरडायचे, "मास्तर हाजिर है?" वरच्या खोलीत मी डोक्यावरून रग ओढून पडलेला असायचो. पहिल्या पुकाऱ्याला ओ दिली नाही तर दुसरा व्हायचा. तिसऱ्याला शेजारीपाजारी माझ्या नावानं खडे फोडायला लागायचे, म्हणून मी निमूट खाली उतरायचो. खरं तर कोर्टात पुकारा करायचं काम चपराशाचं. काका पेशकार, हाकिमापुढे खटल्याच्या मिसली, म्हणजे कागदांचे गठ्ठे, मांडणारे. "जिंदगीभर मिसली उचलल्या," ते म्हणायचे, "मोठ्यानं वरडायची हौस तेवढी राहून गेली व्हती."

पुकारा झाला की पेशी, म्हणजे सुनावणी, आणि ही पेशी असायची खिचडीची. धुंधुरमासात सूर्य उगवायच्या आत स्वयंपाक करून कोवळ्या उन्हात जेवायची आपल्याकडे रीत आहे. बहुतेक घरांत महिनाभरात एखादा दिवस हा सोहळा होतो आणि पुढच्या वर्षापर्यंत सगळे निवांत झोपतात. काका मात्र दिवाळीची पणती विझली की सुरू करायचे ते संक्रांत उलटून ऊन चटका देईपर्यंत रोज. समोरच्या जोशीबुवांना हे सोसायचं नाही. "अहो, धनुर्मास अजून लागायचाय. तुम्ही कार्तिकातच कसली खिचडी शिजवता?" यावर काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "बुवा, मपली सुस्ती पंचांग बघून येत नाय."

त्यांची ही सुस्ती बोळात सगळ्यांना ऐकून माहीत होती, पण तिचा अर्थ कुणी फारसा लावला नव्हता. काका गप्पिष्ट, खोडकर, इस्त्रीची टोपी घालणारे. अशा माणसाला कसली सुस्ती? लोकांना वाटायचं, म्हातारा धार्मिक आहे आणि खाऊ घालायची हौस आहे. मला वेगळं कळलं, कारण पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी मला पकडलं होतं.

मी शाळेत नवा नवा लागलो होतो. गाव परकं, खोली एकट्याची. दिवाळीनंतर दिवस आखडला आणि माझं काहीतरी बिनसलं. शाळा सुटली की खोलीवर यायचो आणि दिवाही न लावता अंथरुणात शिरायचो. खाणावळीत जायचा कंटाळा, वह्या तपासायचा कंटाळा, कुणाशी बोलायचा तर त्याहून. दुःख असं काही नव्हतं, तेच अवघड होतं. दुःख असतं तर सांगता तरी आलं असतं. एका संध्याकाळी काका कंदील घेऊन वर आले आणि उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"काय मास्तर, दिवा कामून नाय लावला?"

"राहिलं."

"राहिलं नाय. मन बसलंय तुमचं. मपलंबी बसतं. दिवाळी झाली की बसतंच."

मग पायरीवर टेकून त्यांनी, सर्दीपडशाबद्दल बोलावं तसं, मला सांगितलं. दौलताबादच्या किल्ल्याखाली त्यांची शेती. लहानपणी नांगराचा एक बैल चालता चालता मध्येच तासात, चरीतच, बसायचा. "मारून उठत नाय बसलेला बैल. शेपूट पिरगाळली तर आजून दाबून बसतो. मपला बाप काय करायचा? म्होरं जाऊन कडब्याची पेंढी धरायचा, हातभर लांब. मंग उठायचा. मनाचं तसंच हाय. त्याला शिव्या देऊ नका. म्होरं काहीतरी धरा." आणि जाता जाता हुकूम सुटला, "सकाळी खाली या. खिचडी हाय. गैरहाजिरी चालणार नाय."

त्या माणसाची मराठी अशी दोन वाटांनी आलेली होती. घरात शिवारातली भाषा, शाळेत आणि कोर्टात उर्दू. पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि पुढे कोर्टाचे कागद मराठीत आले, तेव्हा त्यांनी मराठी दफ्तर नव्यानं शिकून घेतलं. पण राग आला की ते उर्दूत शिरायचे आणि माया आली की दौलताबादच्या वावरात. मला ते "मास्तर, नालायकी करू नका" असं म्हणायचे तेव्हा दोन्ही एकदम असायचं.

खिचडी चांगली व्हायची असं म्हटलं तर ते खोटं होईल. काकू गेल्यानंतर ते स्वतःच्या हातानं करायला शिकले होते आणि शेगडीचा निखारा त्यांना कधी जमला नाही. बुडाला लागायचीच. पण वर लोण्याचा गोळा, बाजूला बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत, शिवाय शेजारच्या युसूफभाईंच्या घरचा खट्टा. युसूफभाई घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे खिचडीबरोबर चिंच-तिळाचा खट्टा हवाच, नाहीतर ती खिचडी नव्हे. धुंधुरमासाच्या ताटात खट्टा वाढणारं अख्ख्या मराठवाड्यात काकांचं एकच घर असेल. "काकासाब, जली तो भी खाएंगे, मगर खट्टे के साथ," म्हणत युसूफभाई भांडं घेऊन यायचे. चौथं माणूस कमळाबाई. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि रात्रपाळी करून थेट इथंच यायच्या, डोळे अर्धे मिटलेले, पण वाटीभर खिचडी खाल्ल्याशिवाय घरी जायच्या नाहीत.

आम्ही माळवदावर पूर्वेकडे तोंड करून ओळीनं बसायचो. पाठ करून बसलेलं काकांना चालायचं नाही. "तोंडावर घ्या ऊन, तोंडावर. पाठीला काय डोळे हायेत का?" ऊन भिंतीवरून उतरून ताटावर आलं की पहिला घास. तोपर्यंत कुणी खायचं नाही, मग बोटं कितीही गारठोत. मी शास्त्र शिकवायचो, पण यामागचं शास्त्र मला ठाऊक नव्हतं आणि त्यांनाही नव्हतं. एवढं खरं, की ती सकाळ झाली की उरलेला दिवस ओढून नेता यायचा. सगळेच दिवस बरे जायचे असं नाही. कधी कधी काका ताटावर बसूनही गप्पच असायचे, दाढी वाढलेली, मफलर कानाला घट्ट. कमळाबाईंनी त्यांना मागे छावणीतल्या एका डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी टॉनिक दिलं. "टॉनिकनं भूक लई लागली," काका म्हणाले, "पण खायला उठणार कोण?"

या वाक्यात सगळं होतं. आम्ही हसलो आणि सोडून दिलं.

मी तिथं राहायला आल्याला काही वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. दसऱ्याच्या सुमारास काकांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात राहून ते परत आले ते निम्मे होऊन. जिना चढताना दम लागायचा. दिवाळी झाली तसा आम्हा तिघांचा विचार झाला. पहाटेची थंडी, शेगडीचा धूर, एवढ्यांचं रांधणं, हे आता त्यांना झेपायचं नाही. कमळाबाईंनी तर बजावलंच, की म्हाताऱ्याला धुराजवळ बसू द्यायचं नाही. मग आम्ही तिघं मिळून त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "काका, यंदा पेशी बंद. तुम्ही आराम करा. आम्हाला खाऊ घालायचा त्रास नको."

काका म्हणाले, "बरं."

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात वाद घातल्याशिवाय काही कबूल केलं नव्हतं, तो "बरं" म्हणाला आणि आम्हाला बरं वाटलं. आपल्या लोकांचं हे एक आहेच. माया दाखवायची झाली की आपण माणसाच्या हातातलं काम काढून घेतो. आम्ही त्यांच्या दारावरून चवड्यांवर चालायला लागलो. बोळातल्या पोरांना दटावलं, सकाळी दंगा नको, काका झोपलेत. आणि काका खरंच झोपलेले असायचे. आधी उन्हं वर येईतो, मग दुपारपर्यंत. दूध दाराशी तसंच पडायचं. कमळाबाई डबा पाठवायच्या तो अर्धा परत यायचा. पुढे पुढे उघडलेलाच नसायचा. छातीत आता काही नाही असं डॉक्टर सांगून गेले, तरी माणूस दिवसेंदिवस भिंतीकडे सरकत होता. मार्गशीर्ष उतरणीला लागला तेव्हा युसूफभाई शाळेच्या वाटेवर मला अडवून म्हणाले, "मास्टर, काकासाब की घडी बंद है. चाबी नहीं दिए." त्या घड्याळाला किल्ली द्यायला काका काकू गेल्या त्या दिवशीही विसरले नव्हते.

मी तसाच मागे फिरलो. काका पांघरुणात होते, तोंड भिंतीकडे. मी बाजेच्या कडेला बसलो. मग मी विचारलं, "काका, उठावंसं वाटत नाही का?"

"कुणासाठी उठू?" ते भिंतीलाच म्हणाले. "तुम्ही येत नाय. युसूफ येत नाय. मूग भिजत घालायचे नायत. उठून काय करू, मास्तर, तोंड धुऊ?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून…"

तेव्हा ते वळले. डोळे ओले होते की म्हातारपणाचे होते, मला सांगता येणार नाही. "तुमची काकू व्हती तवा ती बोळातली चार माणसं सांगून ठेवायची. म्हणायची, लोक येणार हायेत, उठा, शेगडी पेटवा. मला वाटायचं, बाईला लई हौस. ती गेली त्या थंडीत कळलं, लोक मपल्यासाठी येत व्हते. तुम्हाला वाटतं मी तुम्हाला खाऊ घालतो. नाय हो. मला उठायला तुम्ही लागता. त्रास देत जा माणसाला. त्रास बंद केला की माणूस संपला."

मी त्यांच्या अंगावरची रजई नीट केली आणि बाहेर आलो. युसूफभाईंना सांगितलं, कमळाबाईंना सांगितलं. बाई आधी रागावल्या, मग पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "माझीच अक्कल शेण खायला गेली होती." त्यांनी अट एकच घातली. शेगडी आत नको, उघड्यावर पेटवायची.

दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच मी ताट घेऊन त्यांच्या दाराशी उभा राहिलो. उठलेच नाहीत तर पुढे काय करायचं, याचं उत्तर आमच्या तिघांपैकी कुणाकडेच नव्हतं. मी घसा साफ केला आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं पुकारा केला, "पेशकार हाजिर है?"

आत काही हललं नाही. मी पुन्हा ओरडलो. समोर जोशीबुवांची खिडकी उघडली, त्यांनी काय प्रकार आहे ते पाहिलं आणि ते तिथंच उभे राहिले. मी तिसऱ्यांदा ओरडलो. मग आतून खोकला ऐकू आला आणि त्यामागून आवाज.

"मूग निवडलेले नायत."

"निवडू की!"

"लाकूडफाटा नाय."

"युसूफभाई कोळसे घेऊन उभे आहेत."

"मास्तर, नालायकी करू नका," असं म्हणत काकांनी कडी काढली.

त्या दिवशी खिचडी व्हायला इतका उशीर झाला की ऊन माळवदावरून उतरून बोळात आलं होतं. भरीत नव्हतं, लोणी नव्हतं. कमळाबाईंनी पंख्यानं धूर दुसरीकडे वळवला. युसूफभाईंनी घड्याळाला किल्ली दिली. काका ताटाशी बसले, सूर्याकडे पाहिलं आणि वैतागून म्हणाले, "ही काय वेळ झाली? पेशी टळली. उद्या लवकर या." त्या "उद्या"साठी मी खिचडी दोनदा मागून घेतली. बुडाला लागलेली होती, तरीही.

त्यानंतर आम्ही एक दिवसही खाडा केला नाही. कुणाला रात्रपाळी असो, कुणाला ताप असो, एक तरी माणूस हाजिर असायचंच. काका सुधारले असं नाही. मन त्यांचं दर थंडीत बसायचं. फरक एवढाच की आम्ही पुढे पेंढी धरून उभे असायचो, आणि खरं सांगायचं तर ते आमच्यापुढे. माझं लग्न झालं तेव्हा बायकोला त्यांनी पहिल्याच सकाळी पुकारा केला. तिनं घाबरून मला विचारलं, तुमच्यावर काही खटला चालू आहे का?

काका पुढे उन्हाळ्यात गेले. भर वैशाखात, दुपारी, दौलताबादला पुतण्याच्या अंगणात, कडुलिंबाखाली बाज टाकून पडले होते. मला त्यांचं जाणं लागलं, फार लागलं. पण थंडीनं त्यांना नेलं नाही, याचा मला आजही आनंद वाटतो. इतक्या हिवाळ्यांतून तो माणूस उठून उभा राहिला होता.

आता शहराचं नावही बदललं. बोळ सोडून मी फ्लॅटमध्ये आलो. मुलगी परदेशी आहे. बायको जाऊन ही पहिली दिवाळी. दिवाळी संपली, दिवस आखडला, आणि मी ओळखलं, की बैल बसला. समोरच्या फ्लॅटमध्ये कंपनीत नोकरी करणारी एक मुलगी एकटी राहते. जिन्यात भेटली तेव्हा म्हणालो, "बाई, उद्या सकाळी खिचडीला ये. सूर्य उगवायच्या आधी."

ती हसली. "अहो काका, उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास द्यायलाच ये," मी म्हणालो.

सकाळी बेल वाजली तेव्हा मी अंथरुणातच होतो, तोंड भिंतीकडे. पुन्हा वाजली. मी उठलो.