मैना आत्याची मापाची काठी

सुरभी रोह्याच्या एका लहान कंपनीत प्रोग्राम लिहायची. मूर्ती सुकवायच्या खोलीसाठी कंपनीने हीटरचं यंत्र केलं, तेव्हा पहिली चाचणी तिने हौसेने जोहे गावी, मैना आत्याच्या गणपतीच्या कारखान्यात लावली. आई गेल्यापासून ती आत्याकडेच वाढली होती.

सकाळी सातला सुरू केलेलं यंत्र बारा तास चालायला हवं. तीन दिवस झाले, ते चार वाजून सहा मिनिटांनी बंद पडत होतं. शाडूच्या चाळीस मूर्ती अजून ओल्या, आणि शनिवारी रंगाला घ्यायच्या होत्या.

"ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नीट चालतं गो आत्या."

"मग तोच आण हितं, मूर्तींना फुंकर घालायला."

फोनवर कंपनीच्या सुशीलसाहेबांनी सांगितलं, "उद्या चाललं नाही तर यंत्र परत आणू."

सुरभी तोंड पाडून बसली. आत्या मात्र सुताराकडे पाठवायची काठी शोधत होती. मूर्तीखालच्या पाटाच्या मापाची, दोन खाचा पाडलेली.

"दोन वीत पाट म्हणून फोन कर की," सुरभी वैतागली.

"वीत सांगायची नाय. केरू सुताराची वीत केवढी! मागं सुपाएवढा पाट आणलान. काठी धाडली की त्याचा हात कसा का असंना."

सुरभीने लॅपटॉप ओढला. सेकंदांचा आकडा ठेवायच्या जागेला तिने नुसतं 'इंट', म्हणजे पूर्णांक, लिहिलं होतं. ते केवढं, हे प्रोग्राम त्या त्या चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर ठरवतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बत्तीस बिटांचं, यंत्रातल्या स्वस्त चिपवर सोळाच. सोळात बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंतच आकडे मावतात. तेवढे सेकंद म्हणजे नऊ तास सहा मिनिटं. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होई, आणि प्रोग्राम बिघाड समजून हीटर बंद करी.

तिने 'इंट' खोडून जिथे तिथे 'इंट थर्टीटू' लिहिलं. माप नावातच, कंपायलर कुठलाही असो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती खोलीच्या दाराशी घड्याळ धरून उभी राहिली. चार सहा झाले. चार दहा झाले. हीटर घुमतच होता. आत्याने एका मूर्तीच्या पाठीला बोट लावून पाहिलं. "सुकतायत गो."

सुरभीने वाकून तिच्या मातीने भरलेल्या पायांना हात लावला.

"आज काय सण हाय?"

"काही नाही. ती काठी मला दे. टेबलावर ठेवीन."

"केरूकडनं आली की ने," आत्या म्हणाली. "आधी पाट होऊ दे."