कोऱ्या तळाच्या चपला

बबिता माणसाचे पाय आधी बघते, तोंड नंतर. सुट्टीत गावी आली आणि पेडगावच्या फाट्यावर मी समोर दिसलो, तर नमस्काराच्या आधी म्हणाली, "सर, डावा पाय वढायलाव तुमी." या पोरीला बाराखडी मी शिकवली. आता ती मला चालायला शिकवते. राग येतो, पण तिचं म्हणणं खरं निघतं, त्यामुळे तो गिळावा लागतो. मी रिटायर झालेला मास्तर आहे आणि मला शुगर आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी ऐकून घेण्याचीच पाळी.

ती पुण्याच्या एका विद्यापीठात पोडियाट्री शिकते. हा शब्द आमच्या गावात अजून कुणाला धड म्हणता आलेला नाही. पायांचे आजार, जखमा, कुरपं, घट्टे, चालण्यातले दोष, कुणाला कसलं पादत्राण हवं, हे सगळं त्यात येतं. पारावरच्या लोकांना एवढं समजावून सांगितलं तर त्यातला एक म्हणाला, "म्हंजी घोट्याच्या वर दुखलं की दुसरा डाक्टर बघावा लागंल." दुसरा म्हणाला, "नवऱ्याचं नशीब लय भारी, पाय चेपायची पदवी घेतलेली बायको." सगळे हसले. मीही हसलो असेन, गावात राहायचं म्हणजे तेवढं करावं लागतं.

पण ती या वाटेला गेली ते हसण्यावारी न्यायचं कारण नव्हतं. तिचा बाप ग्यानबा मेंढरांमागे चालणारा माणूस. गोदाकाठानं सोनपेठ, गंगाखेड करत महिनोन् महिने बाहेर असायचा. एकदा अंगठ्याला ठेच लागली. त्यानं हळद भरली, चुना लावला, वर चिंधी बांधली आणि पुन्हा चालू लागला. दुखत नव्हतं म्हणून त्याला वाटलं बरं होतंय. शुगर आहे हे कळलं तेव्हा पाय काळा पडला होता. गुडघ्याखालून काढावा लागला. दवाखान्यातले डॉक्टर एवढंच म्हणाले की आधी आला असता तर बोटावर भागलं असतं. बबिता तेव्हा बारावीला होती. ते वाक्य तिच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. नर्सिंगला नंबर लागत होता तो तिनं सोडला. मी कपाळावर हात मारला, कारण नर्सिंगला नोकरी होती.

आता तिचं शेवटचं वर्ष चालू आहे, म्हणजे दिवसभर दवाखान्यात काम. अधूनमधून मला फोन करते. आवाज इतका दमलेला असतो की मीच लवकर ठेवतो. बुटक्या स्टुलावर बसून दिवसभर एकेकाचा पाय मांडीवर घ्यायचा, घट्टे खरवडायचे, जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. म्हातारी माणसं पाय मागं ओढतात. म्हणतात, लेकरा, पायाला हात लावू नको, आम्हाला पाप लागंल. मग त्यांची समजूत घालायची. त्यातून समजूत पटली की पुढचं कायमचं वाक्य म्हणायचं, घरातसुद्धा अनवाणी फिरू नका.

"सर, मी झोपेतबी तेच बडबडायले म्हणत्यात रूममधल्या पोरी," ती एकदा म्हणाली. "आन् लोक दारातनं भाईर पडताना चपला हातात घिऊन जात्यात. नव्या हायत, खराब व्हतील म्हून."

आणि एवढं करून पुढे काय, ते तिलाही ठाऊक नाही. सरकारी दवाखान्यात या कामाची जागा निघाल्याचं आम्ही अजून कुठे वाचलेलं नाही. जिथे ती शिकते तिथे एखादी जागा निघेल म्हणतात, आणि तिच्यावर डोळा ठेवून सगळी बॅच बसलीय. परभणीत असलं काही उघडायचं तर आधी लोकांना पायालाही डॉक्टर असतो हे पटवायला हवं. मी विचारणं सोडून दिलंय. ज्या प्रश्नाचं उत्तर नाही तो रोज विचारून पोरीला आणखी कशाला दमवायचं?

ग्यानबा घरी बसल्यापासून मेंढरं बबिताची आई नर्मदाबाई वळते. तिलाही शुगर निघाली, तेव्हापासून बबिताचा जीव टांगणीला लागला. गेल्या दिवाळीला तिनं आईसाठी खास चपला आणल्या, मऊ तळाच्या, पुढून रुंद, मागे पट्टा असलेल्या. फोनवर पहिला प्रश्न तोच असायचा. "माय, चपला घालतीस का?" नर्मदाबाई म्हणायची, "घालते की." दिवाळीचे दोन दिवस बबिता घरी होती, तेव्हाही चपला उंबऱ्याशी नीट मांडलेल्या असायच्या. त्या दोन दिवसांत नर्मदाबाई घराबाहेर पडली नाही, मेंढरं भावकीतल्या कुणीतरी नेली. लेक आलीय म्हणून आई घरी थांबली, यात कुणाला काय खटकणार?

या माघात बबिता आठवड्याभरासाठी आली. मी पाय दाखवायला त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर ग्यानबा कुबडी टेकून बसला होता. बबितानं माझा पाय बघितला, रागावली, आणि हात धुऊन येताना उंबऱ्याशी वाकून आईची चप्पल उचलली. तिची सवयच आहे ती. चपलेचा तळ कुठे झिजलाय त्यावरून माणूस वजन कुठे टाकतो ते कळतं, असं ती म्हणते. चप्पल तिनं उलटी केली आणि तशीच उभी राहिली. मी पुढे होऊन बघितलं. तळ कोरा होता. दुकानाचं चिटोरंसुद्धा टाचेखाली जसंच्या तसं.

"माय, भाईर ये."

नर्मदाबाई आली ती लुगडं पायावर ओढतच. "जपून वापरते गं," ती म्हणाली.

"बस. डोळे मीट."

नर्मदाबाईनं डोळ्यांवर पदर घेतला. बबितानं तिचा पाय मांडीवर घेतला आणि पिशवीतून ताठ नायलॉनचा धागा काढला. शुगरनं पाय बधिर झालाय का ते बघायला हा धागा तळपायाला ठिकठिकाणी टेकवायचा, आणि जाणवलं की रोग्यानं हो म्हणायचं, एवढीच परीक्षा. नर्मदाबाई "हो" म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा "हो" म्हणाली. मला बरं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की बबिताचा हात केव्हाच बाजूला गेलाय, धागा हवेत आहे आणि नर्मदाबाई पदराआडून अदमासानं "हो, हो" म्हणतेय. लेकीच्या परीक्षेत पास व्हायला निघाली होती बाई. मला आधी हसू आलं.

टाचेच्या घट्ट्यात बाभळीचा काटा मोडलेला होता. किती दिवसांचा कोण जाणे, भोवती पिवळं झालं होतं. बबितानं चिमट्यानं तो ओढून काढला. चांगला बोटाच्या पेराएवढा होता. माझा माझाच पाय आखडला. नर्मदाबाई ढिम्म. पदर बाजूला करून म्हणाली, "झालं का? भाकरी टाकायच्यात."

बबितानं काटा बाजूला ठेवला. बोलला तो ग्यानबा. "तिनं नवस केलाय," तो खाली मान घालून म्हणाला. "तुजा पुन्याला नंबर लागला तवाच बोलली बिरोबाला. बबी नोकरीला लागून खुर्चीवर बसंल तवर पायात काई घालनार न्हाई. बोलून दावायचा नसतो म्हून मी गप बसलो."

मी मात्र गप्प बसलो नाही. आमच्या घरात नवस छप्पन साली, दीक्षा घेतली त्या दिवशीच बंद झाले, तेव्हा माझा तोल जायला वेळ लागला नाही. मी चांगलंच सुनावलं. एक पाय या घरातून गेला, दुसरा घालवायचाय का, पोरगी जगाला चपला घालायला सांगते आणि तुम्ही तिच्याच नावानं काट्यातून फिरता, असं बरंच काही. नर्मदाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"गुरुजी, तुमचं खरं हाय," ती म्हणाली. "पन बोललेला शब्द कसा मोडू? मोडला आन् पोरीला काई झालं तर? तिचं शेवटचं साल हाय."

मला वाटलं आता बबिता ओरडेल, रडेल. तिनं जखम धुतली, पट्टी बांधली, आणि आईचा पाय मांडीवरून न उतरवता भिंतीला टेकून बसली. इतकी दमलेली मी तिला कधी बघितली नव्हती. वर्षभर परक्यांवर रागावून झालं होतं, आईसाठी राग उरलाच नव्हता. मग तिनं बापाला विचारलं, "आबा, नवस घरातल्या दुसऱ्यानं उचलला तर चालतो का?"

ग्यानबानं वर बघितलं. "चालतो. माज्या मायनं बापाचा उचलला व्हता. पन घेनारानं देवाम्होरं बोलावं लागतं."

बबिता उठली. देवळीतल्या बिरोबापुढच्या वाटीतला भंडारा कपाळाला लावला आणि म्हणाली, "मायचा नवस माज्यावर." मग स्वतःचे बूट काढले, खाली बसली आणि आईच्या पायांत त्या कोऱ्या चपला घालून पट्टे लावले. नर्मदाबाई तिचे हात धरत होती. "अगं, तू कामून? तू शिकलेली, तू अनवानी फिरशील व्हय? लोक काय म्हनतील?" शेवटी रडायला लागली. पण चपला काढल्या नाहीत. आता काढायच्या कशासाठी, नवस तिचा राहिला नव्हता.

परभणीला दाखवलं तेव्हा जखम हाडापर्यंत गेली नाही असं कळलं. बबिता रोज पट्टी बदलत होती आणि आईला अंगणात चालायला लावत होती. नर्मदाबाई चिखलात पाय पडावा तशी दबकत चालायची.

परत जायच्या दिवशी मी तिला सोडायला फाट्यावर गेलो. पाठीवर सॅक होती, सॅकमध्ये बूट होते आणि ती अनवाणी उभी होती. येणारे-जाणारे आधी तिच्या पायांकडे बघत, मग माझ्याकडे. मला लाज वाटली आणि रागही आला.

"तू विज्ञान शिकतेस ना?" मी म्हणालो.

"सर, तुमी समजावून पायलं. तिला पटंपर्यंत तिचा पाय ऱ्हायचा न्हाई."

"आणि दवाखान्यात?"

"तितं घालावंच लागतंय. तेवढी सूट मागून घेतली बिरोबाला."

"नोकरी कधी लागायची कुणाला माहीत. तोवर अशीच फिरणार? पायाची डॉक्टर?"

तिनं सॅक सावरली. बस दिसली तशी ती पुढे सरकली आणि एकदम लंगडली. एका पायावर उभं राहून तिनं तळव्यात रुतलेला सराटा उपटला. डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं. तो सराटा तिनं माझ्यापुढे धरला.

"बगा सर, मला कळालं," ती म्हणाली. "मायला कळत न्हाई."

तो बाजूला टाकून ती बसमध्ये चढली.