मनगटावरची मोसंबी

सिटी चौकातले हमीदभाई अत्तरवाले नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी काही विकत नसत. मनगटावर काडीने अत्तर लावत आणि दिवसभर फिरून संध्याकाळी येऊन सांगा, म्हणत. मी तेव्हा एका दैनिकात बातमीदार होतो. पहिल्या संध्याकाळी मी "छान आहे" एवढेच म्हणालो.

"छान म्हणजे काय, साहेब? बातमीत असं लिहिता का? किती वाजता काय आलं ते बोला."

दुसऱ्या खेपेला मी वेळा टिपून नेल्या. पाचव्या खेपेला, दुकानात कोणी नसताना, त्यांनी कारण सांगितले. दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचे नाक गेले होते. वास म्हणून काही येत नव्हता. जुनी अत्तरे हाताच्या सवयीने बनत होती. बाजारात कळले तर दुकान संपले. घरीही त्यांनी सांगितले नव्हते. "छापू नका," एवढेच म्हणाले. मी छापले नाही. आता ते नाहीत. हे त्यांच्या मुलीला, नसरीनला, विचारून लिहितो आहे.

नसरीनचे लग्न ठरले तेव्हा तिने वडिलांकडे एकच गोष्ट मागितली: नवरा-नवरी दोघांनी लावायचे एकच अत्तर, मोसंबीची साल आणि मोसंबीचेच फूल. नातेवाईक विचारत, हे जनानी की मर्दानी? हमीदभाई म्हणत, "मोसंबीला विचारा."

हे अत्तर त्यांनी पूर्वी कधी बनवले नव्हते. इथे हाताची सवय कामाची नव्हती. नऊ दिवस मी नऊ नमुने लावून कोर्टात, पंचायतीत, शेंद्र्याच्या कारखान्यांत फिरलो. सकाळी साल सोलताना डोळ्यात उडते तसा झणका. दुपारी घाम आला की फूल. संध्याकाळी बाहीत नुसते चंदन, ज्या तेलावर अत्तर बसवतात ते. आमचे मुख्य उपसंपादक म्हणाले, "वहिनींचं लावून आलास का रे?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचे मनगट पुढे केले. सहाव्या नमुन्यात दुपारी फुलाच्या जागी सालीखालच्या पांढऱ्या भागाचा कडवटपणा आला. मी सांगितले. हमीदभाईंनी सालीचे दोन थेंब कमी केले.

निकाहनंतर त्यांनी जावयाच्या मनगटाला अत्तर लावले, मग नसरीनच्या. लावून झाल्यावर माझ्याकडे पाहिले. मी बोलण्याआधी नसरीनने मनगट नाकाशी नेले आणि, कोणी विचारले नसताना, सावकाश सांगितले.

"अब्बा, आत्ता साल आली. कडू नाही. फूल मागं आहे, दुपारी येईल. संध्याकाळी फोन करून सांगते."

हमीदभाई बराच वेळ कुपीचे बूच लावत राहिले.

तिला केव्हापासून माहीत होते, हे मी पुढे विचारले. एकदा चुलीवर दूध करपले, घरभर वास सुटला, आणि अब्बा चुलीशेजारीच पेपर वाचत बसले होते, असे ती म्हणाली. त्या दिवसापासून.

लग्नाच्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी होतो. साडेसहाला खुलताबादहून, सासरून, फोन आला. हमीदभाईंनी ऐकून घेतले, हुंकार दिला, फोन ठेवला.

"चंदन आलं," ते मला म्हणाले.