रविवारी ती कुठे जाते

डोळखांबच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी मुलींची एक निवासी शाळा आहे. गेल्या हिवाळ्यात मी तिथे दर शनिवारी जायचे आणि रविवारी परतायचे. अकरा ते चौदा वर्षांच्या मुली मनातलं दुःख कसं ओळखतात आणि कुणाला सांगतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. मी स्वतः कुणाला फारसं काही सांगत नाही. वाशिंदच्या इंग्रजी शाळेत भावनांचे पुष्कळ शब्द शिकले, पण कंपनीतून दमून आलेल्या आईसमोर त्यातला एकही कधी तोंडातून निघाला नाही.

व्हरांड्यात मुली मुलाखतीसाठी आपापला नंबर येण्याची वाट बघत बसायच्या.

"ताई, तुमी पन लिवा ना, तुमाला कदी रडू येतं ते."

"गप गो! त्या शिकलेल्या हायेत, त्यांना कुठलं रडू?"

सगळ्या हसायच्या. मी कागदात डोकं घालायचे.

त्यांच्यात बारा वर्षांची एक मुलगी होती. तिचे आईवडील दिवाळी झाल्यावर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले होते. आईची आठवण आली की काय करतेस, असं मी विचारलं. ती बराच वेळ चटईची काडी ओढत राहिली.

"कुनाला नाय सांगनार ना?"

"नाही," मी म्हणाले.

फार पटकन म्हणाले. मूल धोक्यात असेल तर मोठ्यांना सांगावंच लागतं, हा आमच्या कामाचा नियम. तो मी सुरुवातीला तिला वाचून दाखवला होता, कागदावरच्या भाषेत. तिने मान डोलावली होती. नियम तिला कळला नव्हता, आणि हे मला कळलं होतं.

मग तिने सांगितलं. रविवारी मुली नदीवर कपडे धुवायला जातात तेव्हा ती आपले कपडे मैत्रिणीकडे देते आणि जंगलातून एकटीच आपल्या पाड्यावर जाते. घर बंद असतं. दाराला बांधलेली तार सोडून ती आत बसते. त्यांच्याकडे भट्टीवर निघण्याआधी घरची बाई जमीन हाताने सारवूनच बाहेर पडते.

"बोटं दिसतात आयची," ती म्हणाली आणि चटईवर हाताने अर्धगोल काढत राहिली.

त्या संध्याकाळी मी वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंना सांगितलं. त्या घाबरल्या. "एकटी जाते? उद्या काही झालं तर तिच्या बापाला मी काय सांगू?" तिचं नदीवर जाणं बंद झालं.

पुढच्या शनिवारी ती समोर येऊन बसली. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. मला 'मॅडम' म्हणाली. ती उठून गेल्यावर मी किती तरी वेळ दुसऱ्या मुलीला हाक मारली नाही.

तीन आठवडे मी हे मनात घोळवलं. मग बाईंना विचारलं, रविवारी मी तिला घरी नेऊन आणलं तर चालेल का? चार जणींसमोर बोलताना अडखळणारी मी, त्या दिवशी दोनदा विचारलं.

"तुमच्या जबाबदारीवर न्या. संध्याकाळच्या हजेरीच्या आत पोचवा," त्या म्हणाल्या.

वाटेत ती वीस पावलं पुढे चालत होती. ओढ्याशी मी घसरले, तेव्हा थांबली, मागे पाहिलं, आणि मी उभी राहिल्यावर पुन्हा चालू लागली. पाड्यावर बहुतेक दारं बंद होती. एका म्हातारीने तिला विचारलं, "कोन गो ही?"

"शाळेतली," ती म्हणाली.

तिने तार सोडली, आत गेली आणि दार लोटून घेतलं. मी ओट्यावर बसले. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज येऊ लागला. ती बोलत होती, भरभर, मधेच तक्रारीच्या सुरात, त्यांच्या घरच्या बोलीत. मला निम्मंच कळत होतं. कुंपण लावताना हाताला काही टोचलं होतं, गणिताच्या सरांबद्दल काही होतं. माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं ती कुणाला तरी देत होती. मी वही पिशवीतून काढली नाही.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. तिने तार पुन्हा घट्ट बांधली.

"चला मॅडम, हजेरी होईल."

त्यानंतर तिची आई परत येईपर्यंतचे सगळे रविवार मी त्या ओट्यावर बसले. माझ्या मुलाखती केव्हाच संपल्या होत्या. आतून तिने मला एकदाही हाक मारली नाही. मी प्रत्येक वेळी वाट पाहिली.