बिनपाण्याचं कॉकटेल

मामा काचेचा गिलास धुतल्यानंतर तो इतका वेळ पुसत असत की बघणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यावा. आधी जुन्या धोतराच्या फडक्याने, मग इस्त्री केलेल्या रुमालाने. मग गिलास खिडकीकडे धरून, एक डोळा मिटून आत बघायचे. तळाशी बारीकसा ओलावा दिसला की पुन्हा पहिल्यापासून. "मामा, पाहुणे येऊन बसले," असं मी सांगितलं तरी त्यांचा हात लगबग करत नसे. "बसू दे. गिलासात थेंब राह्यला नाही पायजे," एवढंच ते म्हणायचे. असे सहा गिलास. मी दारात उभी राहून दात आवळत असे.

मामा आदिलाबादच्या महसूल कचेरीत कारकून होते. शेतकऱ्यांना पहाणीच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याच्या, नकला काढून देणं हे त्यांचं काम. तेव्हा आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात होता. वरचे अधिकारी तेलुगूत बोलत, जुने कारकून उर्दूत आणि कागद मागायला आलेला शेतकरी बहुधा मराठीत. मामा तिन्ही भाषांत उत्तरं देत आणि तिन्ही भाषांत कमीच बोलत. कचेरीत त्यांना 'शरबतसाहेब' म्हणायचे. ते साहेब नव्हते, आणि ते जे करत त्याला शरबत म्हटलेलंही त्यांना आवडत नसे. मी बोथजवळच्या आमच्या गावाहून कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आले ती शिक्षिकेची नोकरी लागेपर्यंत राहिले. तेवढ्या वर्षांत मामांवर मी जितकी चिडले तितकी कोणावरच चिडले नसेन.

एकदा ट्रेनिंगसाठी ते हैदराबादला गेले होते. तिथल्या जेवणात त्यांना उंच गिलासातून 'फ्रूट कॉकटेल' मिळालं. त्यात दारू नाही ना, हे त्यांनी वाढणाऱ्याला दोनदा विचारून घेतलं. पंचशील घेतल्यापासून त्या वासाच्या जवळपासही ते थांबत नसत. मग ट्रेनिंगच्या कागदाच्या पाठीवर फळांची नावं लिहून आणली. घरी आल्यावर मात्र त्यांनी त्या कॉकटेलातून पाणी, सोडा, पाक आणि बर्फ हे सगळं काढून टाकलं. उरली नुसती फळं. टरबुजाचा रस निम्मा, त्यात बत्ताईचा (आमच्या बाजारात मोसंबीला बत्ताईच म्हणतात), मग काळी द्राक्षं फडक्यात घालून पिळलेली, मूठभर डाळिंब, किसलेल्या आल्याचे दोन थेंब, भाजलेलं जिरं, काळं मीठ. वरून पपईचे बारीक चौकोनी तुकडे आणि पुदिन्याची पानं. मिक्सर घ्यायला ते तयार नव्हते, कारण धुतल्यावर पात्याखाली पाणी राहतं. सगळं हातानं. सहा जणांच्या रसाला दीड तास.

"टरबूज म्हंजे सालीत बंद होऊन आलेलं पानी हाय," ते मला समजावत. "त्याले कोनाचा हात लागत नाही."

बर्फ नाही म्हटल्यावर आदिलाबादच्या उन्हाळ्यात रस गार कसा करायचा? त्यावरही त्यांनी डोकं चालवलं होतं. फळं ओल्या गोणपाटात गुंडाळून आदल्या दिवसापासून कूलरसमोर ठेवायची. मामी आणि मी घामाघूम, आणि कूलरचा वारा बत्ताईला. पुढे हप्त्यावर फ्रिज आला तेव्हा मामीला वाटलं आता सुटलो. मामांनी बर्फाच्या ट्रेमधलं पाणी ओतून दिलं, ट्रे पुसून कोरडा केला आणि त्यात द्राक्षं भरली. गोठलेली द्राक्षं बर्फाच्या खड्यांऐवजी गिलासात टाकायची. हे दिसायला सुंदर होतं आणि चवीला तर फारच सुंदर, हे मला कबूल केलं पाहिजे. पण एकदा मी न राहवून म्हटलं, "मामा, वरचा पुदिना तं तुमी पान्यानंच धुतला." ते थांबले. पुदिन्याच्या जुडीकडे बघत राहिले. त्या दिवसापासून पुदिना बंद झाला.

हे सगळं कशासाठी, ते मला मामीनं सांगितलं. मामा कधी बोलले नसते. कचेरीतले लोक कामानिमित्त घरी येत, खुर्चीवर बसत, गप्पा मारत. मामी पाण्याचा तांब्या घेऊन आली की कोणाला नुकताच चहा झालेला असे, कोणाला तहानच नसे. एकदा एकजण भर उन्हात सायकल मारत आला, 'नको नको' म्हणाला आणि बाहेर पडून कोपऱ्यावरच्या नळाला ओंजळ लावून घटाघटा पाणी प्याला. मामी खिडकीत उभी होती. आमचं घर बौद्धांचं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तेच लोक केळं दिलं तर सोलून खात. पेरू खात. फळाला विटाळ नव्हता.

"मनून तुह्या मामानं हे काढलं," मामी म्हणाली. "फळाले कोनी नाही म्हनत नाही."

मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचत होते. माझं डोकं भणाणलं. मी मामांना जाऊन विचारलं, "जे आपल्या घरचं पानी पेत नाहीत त्यायच्यासाठी तुमी दोन दोन घंटे फळं पिळून राह्यले? काऊन?"

मामा डाळिंब सोलत होते. म्हणाले, "घरी आलेला मानूस कोरड्या तोंडानं जाऊ नाही."

"मंग येऊच नका म्हना ना त्याले!"

"अवं, ते मोठं डाळिंब दे इकडं," ते म्हणाले. संपलं. त्यांच्याशी भांडण करणं म्हणजे उशीला बुक्की मारण्यासारखं होतं.

कचेरीतल्या लोकांचं तसं त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांचा खरा जीव अडकला होता तो मारोतीकाकांत. तामसीकडच्या एका खेड्यातले दोघे बालमित्र. मारोतीकाका मोठ्या शेतकरी घरातले, कापूस-ज्वारी पिकवणारे. मामांचे वडील त्यांच्याच शेतात मजूर. शाळा सुटली की दोघे मारोतीकाकांच्या अंगणात येत. मारोतीकाका तांब्यातून वरून धार धरत आणि मामा खाली बसून ओंजळीनं पाणी पीत. मग मारोतीकाकांची आई तो तांब्या राखेनं घासून घेई, त्याला मामांचा हात लागलेला नसला तरी. हे मामांनी मला स्वतः सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "लय थंड पानी होतं त्यायच्या विहिरीचं." मी वाट बघत राहिले. पुढे काहीच नाही.

मारोतीकाका कापूस घेऊन मार्केटला आले, किंवा असंच बसनं आदिलाबादला आले, की घरी डोकावल्याशिवाय जात नसत. दारातूनच आरोळी, "किसन्या, हाय का जित्ता?" मग दोघांची थट्टा सुरू होई. "सरकारची खुर्ची झिजवून राह्यला का?" "तुह्या बैलापेक्षा मी जास्त काम करतो." "माह्या बैलाले पेन्शन नाही, गड्या!" मामांना इतकं हसताना मी दुसऱ्या कोणाबरोबर पाहिलं नाही. मग कॉकटेल. मारोतीकाका दोन गिलास पीत, मिशा पुसत आणि म्हणत, "वयनी, असा रस हैदराबादच्या नवाबालेई भेटला नसन." पाणी ते मागत नसत. मामा विचारत नसत.

एकदा, मारोतीकाका गेल्यावर रिकामे गिलास उचलताना मामा आपणहून बोलले. तेवढं एकदाच. "मरायच्या पहिले एकदा मारोतीनं ह्या घरचं पानी पेलं पायजे," ते म्हणाले. "बाकी कोनी नाही पेलं तं नाही पेलं."

"मंग इचारा ना त्यायले. इतका दोस्त हाय."

"आन नाही म्हनला तं?" मामांनी गिलास खाली ठेवला. "मंग तो रसई पेनार नाही. लाजन. येनंच बंद करन."

एका उन्हाळ्यात मारोतीकाका भर दुपारी आले. मामांनी नेहमीप्रमाणे सगळं केलं, गिलास पुसले, जिरं जरा जास्तच भुरभुरलं. पहिल्याच घोटाला काकांना ठसका लागला. जिऱ्याचा कण घशात गेला असावा. डोळ्यांतून पाणी, चेहरा लाल. एका हातानं छाती धरून दुसरा हात त्यांनी पुढे केला आणि कसंबसं म्हणाले, "पानी... पानी दे, किसन."

मी आतच होते. माठातून गिलास भरला आणि धावत बाहेर आले. मामा उभे राहिले होते. मला वाटलं ते गिलास माझ्या हातातून घेऊन काकांना देतील. त्यांनी हात आडवा धरला. "नको, नको. थांब," ते म्हणाले, आणि फ्रिजकडे पळाले. टरबुजाची फोड काढली, वाटीवर पिळली, बिया तशाच राहिल्या. "घे मारोती, हे घे, गार हाय." काकांनी माझ्या हातातल्या गिलासाकडे पाहिलं. मग मामांच्या हातातली वाटी घेतली आणि प्याले. ठसका थांबला. त्या दिवशी थट्टा झाली नाही. चारच्या बसनं ते गेले.

ते गेल्यावर मी मामांवर ओरडले. आयुष्यात तेवढी एकदाच. "त्यायनं स्वतः मागतलं होतं! तुमच्या जलमाची इच्छा दारात येऊन हात पसरून उभी राह्यली, आन तुमी तिले टरबूज पिळून देल्लं!"

मामा खाटेच्या कडेला बसले होते. "ठसक्यात मानूस काहीबी मागते," ते म्हणाले. "देल्लं असतं तं पेला असता. मंग घरी जाऊन त्याले कसंतरी झालं असतं. जबरदस्तीनं पाजल्यासारखं नसतं झालं का?"

इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात आपोआप आडवा गेला होता आणि आता ते त्याला कारण शोधत होते, असं मला वाटलं. आजही वाटतं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी मला बत्ताई सोलून दिली.

मारोतीकाका पुढेही येत राहिले, पण वर्षातून एकदा, दोनदा. पाणी त्यांनी पुन्हा मागितलं नाही. मामा निवृत्त झाले. त्यांना साखरेचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी फळांचा रस बंद केला. स्वतःला बंद असलेला रस ते इतरांसाठी करत राहिले. चव बघता येत नसे म्हणून मला विचारत, "मीठ बराबर हाय का?" मी तेव्हा बोथच्या शाळेत शिकवत होते आणि सुट्टीला येत होते. शेवटी मूत्रपिंडं गेली. डॉक्टरांनी त्यांचं पिण्याचं पाणीच मोजून द्यायला सांगितलं. एका हिवाळ्यात, दोन आठवडे दवाखान्यात राहून मामा गेले.

मारोतीकाकांना निरोप उशिरा पोचला. ते आठव्या दिवशी आले. बसस्टँडवरून चालत, काठी टेकत. या वेळी दारातून आरोळी आली नाही. घरात मी आणि मामी दोघीच होतो. काका मामांच्या खुर्चीकडे न बघता सतरंजीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. घरात एकही फळ नव्हतं. काय द्यावं हे मला सुचेना, आणि मी तशीच उभी राहिले.

"पानी दे वं, बाई," काका म्हणाले.

मी माठातून गिलास भरून आणला. तो बाहेरून ओला होता, मी पुसला नव्हता. त्यांनी तो घेतला, तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. बसमधून उतरलेला कोणीही म्हातारा माणूस पिईल तसा. गिलासाकडे पाहिलंसुद्धा नाही. तेवढाच वेळ लागला.

मला आनंद व्हायला हवा होता. मला रागच आला. "काका," मी म्हटलं, "हे तुमी मामा असताना काऊन नाही पेले?"

"मागतलं होतं ना एकदा. तू तं पानी घेऊन उभी होती. किसननं हात आडवा लावला." त्यांचा आवाज खाली गेला. "मले वाटलं, लहानपनचा राग धरून हाय. मी वरून ओतत होतो तो. धरला असन तं बराबरच हाय, मनून मी पुन्हा मागतलं नाही."

"राग नव्हता," मी म्हटलं. "तुमी नाही म्हनसान याचं भेव होतं त्यायले. जलमभर."

"मंग इचाराचं ना त्यानं!" काका एकदम ओरडले. टोपी मांडीवरून खाली पडली.

"अन् तुमी? तुमी पुन्हा मागाचं ना! तुमच्या घरी तं त्यायले कोनी गिलास देल्ला नाही कधी!"

हे मी बोलायला नको होतं, दारी आलेल्या म्हाताऱ्याला तर नकोच. पण मामा असताना ज्याला त्याला बोलायचं राहून गेलेलं सगळं मला त्या क्षणी तिथेच बोलायचं होतं. काकांची मान खाली गेली आणि खांदे हलायला लागले.

मामी आतून तांब्या घेऊन आली. तिनं कोणाला काही विचारलं नाही. खाली बसली, काकांचा गिलास काठोकाठ भरला आणि म्हणाली, "घ्या, भाऊजी."