म्युझियममधला पाट

आमच्या गावातल्या विद्वानांनी एका शब्दासाठी तीन सभा घेतल्या आणि त्या शब्दाच्या अर्थासाठी एकही नाही. हे मी तेव्हा त्यांच्या तोंडावर बोलले होते, आज कागदावर लिहिते. माझं मत तसूभरही बदललेलं नाही.

रत्नागिरीत तेव्हा एका वाचनालयाला मागच्या अंगाला नवी खोली मिळाली होती. तिथे जुन्यापान्या वस्तू मांडायच्या असं कमिटीने ठरवलं. कमिटीचे सेक्रेटरी वकील होते, आमच्याच आळीतले. वस्तू जमल्या त्या अशा: एक गंजकी तलवार, दोन तोफगोळे आणि पेंढा भरलेलं मगरीचं पिल्लू. एवढ्यावर खोली भरेना, तेव्हा सगळ्यांना माझ्या आत्याची आठवण झाली.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. पोरवयात विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. लाल आलवण, डोईवर पदर, आणि ओहोटीची वेळ तोंडपाठ. मांडवी, भाट्ये, काळबादेवी, जिथे पाय नेतील तिथे ती शिंपले शोधत हिंडे. आणलेला प्रत्येक शिंपला गोड्या पाण्यात मुरवायचा, खोबरेलाचं बोट फिरवायचं आणि जुन्या धोतराच्या पिशवीत ठेवायचा. पिशवीत मोडीत लिहिलेली चिठ्ठी असे: कुठे मिळाला, तिथी कोणती, वाळूत की खडकात. लोक म्हणत, आत्या शिंपले गोळा करते. मला ते कधी आवडलं नाही. गोळा तर कुणीही करतं. एकाच जातीचा शिंपला भाट्याला पांढरा आणि काळबादेवीला तपकिरी का, हा प्रश्न या बाईला चार वर्षं छळत होता.

सोवळ्या बाईने मेलेल्या जिवांची कवचं हाताळावीत, यावरून आळीत कुजबुज होतीच. आत्या मोजकंच बोले. "देव्हाऱ्यातला शंख काय माडावर लागला होता?" एवढं विचारलं की समोरची बाई घरची वाट धरी.

वकीलसाहेब आले ते वडिलांकडे. शिंपले द्या म्हणाले, कपाटं काचेची करू, खाली वडिलांच्या नावाचं कार्ड लावू. आत्या माजघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "कार्डाचं काय करायचं ते करा. मला दर गुरुवारी तिथे येऊन बसू द्या. शिंपल्यांना पुसावं लागतं. आणि कुणी काही विचारलं तर सांगायला नको?"

वकीलसाहेब हसले. खोली सभासदांची, आणि सभासद सगळे पुरुष. बायकांना संक्रांतीला एक दिवस दार उघडणार होते. "बसायचं नंतर बघू, आत्याबाई," असं म्हणून त्यांनी पिशव्या हातगाडीवर चढवल्या. आत्याने त्या दिल्या, कारण तीस वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच त्या मागितल्या होत्या. मला राग आला तो याचाच.

इकडे खोलीच्या नावावर घोडं अडलं होतं. एकाला अजबखाना हवा होता, इतिहासाच्या मास्तरांना वस्तुसंग्रहालय, डॉक्टरांना म्युझियम. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि अक्षर बरं होतं, म्हणून निमंत्रणं लिहायचं काम माझ्याकडे आलं. नाव ठरेपर्यंत माझी दौत वाळत होती. मग मी आपणहूनच चौकशीला लागले.

आमच्या पाखाडीच्या पायऱ्या उतरलं की खाली एक म्हातारे सारंग राहत. उभा जन्म बोटीवर खलाशांची टोळी सांभाळण्यात गेलेला. आत्या त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही. चाचांनी बंदरं सांगावीत तशी नावं सांगितली. "कलकत्त्याला जादूघर बोलतात, बाय. लाहोरचे लोक अजायबघर. मिसरात गेलो तर गाडीवाला बोलला अंतीकखाना. लिस्बनला मुझेउ. आणि मद्रासला काय, म्हाईत हाय? मेलेलं कॉलेज! जिवंत जनावरांची बाग असते ना, ती जिवंत कॉलेज, आणि हे मेलेलं."

मी पोट धरून हसले. आत्या हसली नाही. "मेलेलं का?" तिने विचारलं. चाचा म्हणाले, "कोण बोलत नाय ना तिथे. सगळं काचेत."

दुसऱ्या दिवशी शाळेतला जाडजूड इंग्रजी कोश काढला. त्यात होतं ते वाचून मी पुस्तक मिटलंच नाही, तसंच उघडं घेऊन घरी आले. म्युझियम हा शब्द मुळात ग्रीकांचा. विद्या आणि कला यांच्या नऊ देवी त्यांच्याकडे होत्या, त्यांची जागा ते मूसेइऑन. पुढे मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, त्याच नावाचं एक मोठं घर होतं. तिथे विद्वान एकत्र राहत, जेवत, वाद घालत. काचेची कपाटं, तलवारी, मगरी हे सगळं फार नंतरचं, राजेरजवाड्यांच्या हौसेचं. मी आत्याला मराठीत सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"नऊ जणी?" ती म्हणाली. "आणि त्यांच्या घरात माझा एक पाट मावत नाही म्हणतात?"

तिसऱ्या सभेत म्युझियम हा शब्द मंजूर झाला. अर्थ पाहून नव्हे. मुंबईहून बडे पाहुणे उद्घाटनाला येणार होते आणि त्यांना तो वाचता येईल म्हणून. मी वकीलसाहेबांना कोशातलं सांगायला गेले. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, ग्रीसच्या देवी ग्रीसमध्ये. तुम्ही निमंत्रणं लिहा."

मी लिहिली.

समारंभ चार वाजता होता. त्या दिवशी सकाळी वाचनालयाचा शिपाई धापा टाकत आमच्या अंगणात आला. "आत्याबाय, शिंपल्यांना फेस येतोय. थांबतच नाय!" वकीलसाहेबांनी त्याला सांगितलं होतं, सगळं लख्ख दिसलं पाहिजे. बिचाऱ्याने देवळातल्या समया घासतात तसे शिंपले चिंचेच्या कोळात बुडवले होते. पितळ चिंचेने उजळतं. शिंपला म्हणजे चुना, तो चिंचेने विरघळतो. हे आमच्या गावात एकाच बाईला माहीत होतं आणि तिला त्या खोलीत पाऊल टाकायला बंदी होती.

आत्याने एक पाट बगलेत मारला आणि ती चालू लागली. भर रस्त्याने, भर उन्हात. मी मागे. वाचनालयात शिरताना पेपर वाचणारे उठून उभे राहिले, पण ती थांबली नाही. खोलीच्या मधोमध पाट टाकून बसली आणि शिपायाला म्हणाली, "घागरभर गोडं पाणी आण. आणि आणतच राहा."

चिठ्ठ्या एका कोपऱ्यात ओल्या होऊन पडल्या होत्या. कवड्यांची चकाकी गेली होती, पातळ शिंपल्यांना भोकं पडली होती. आत्या एकेक उचलून धूत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते ती पुसत नव्हती, कारण हात रिकामे नव्हते. त्या दिवसाइतकी मी कुणावर चिडले नसेन.

कमिटी गोळा झाली. वकीलसाहेब आधी समजुतीने बोलले, मग आवाज चढवला. पाहुणे येतील, शोभा होईल, उठा. आत्या वर न बघता म्हणाली, "मी सोवळ्यात आहे. शिवू नका."

रस्त्याने चालत आल्यावर सोवळं कसलं उरायला! पण हे बोलायची छाती कुणाची? खोलीत सात-आठ पुरुष होते आणि तिला हाताला धरून उठवू शकेल असा एकही नव्हता. ज्या सोवळ्याने तिला जन्मभर माजघरात डांबलं, ते त्या दिवशी तिने दाराला अडसर घालावा तसं वापरलं. मी पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, "बाहेर पाटीवर जो शब्द तुम्ही रंगवलाय, त्याचा अर्थ नऊ बायकांची जागा असा आहे. ही दहावी. पाटी पुसा, नाहीतर तिला बसू द्या."

पाटीवरचा रंग अजून ओला होता. कुणी पुसली नाही.

पाहुणे आले, फीत कापली, मगरीचं कौतुक केलं, चहा घेऊन गेले. मधोमध बसलेल्या बाईला त्यांनी वळसा घातला. मला वाटलं होतं, निदान विचारतील. नाही विचारलं. खोली रिकामी झाल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "झालं ना मनासारखं? उठा आता." आत्या पाट भिंतीशी उभा करत म्हणाली, "हा इथेच राहू दे. गुरुवारी येते."

ती आली. पुढच्याही गुरुवारी आली. नियम कधी बदलला नाही आणि तिला कुणी कधी अडवलं नाही. निम्म्याच्या वर शिंपले वाया गेले होते. वकीलसाहेबांना ते टाकून द्यायचे होते. आत्याने ते वेगळ्या फळीवर मांडले आणि माझ्याकडून कार्ड लिहून घेतलं: "चिंचेने घासलेले." येणारा प्रत्येक जण तिथे थांबे, विचारे, आणि आत्या सांगे. हळूहळू माझ्या शाळेतल्या मुली येऊ लागल्या, मग त्यांच्या आया. पुढे भाट्याच्या कोळणी टोपल्या बाहेर ठेवून आत येत आणि आत्याशी भांडत, "हा शिंपला तुम्ही चुकीचा लावलाय, बाय, हा खाडीतला." कधी आत्या हरे आणि कार्ड बदलायला लावी. चाचा एकदा दारातून बघून म्हणाले, "हे मद्रासचं नाय."

काही वर्षांनी आत्या गेली. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. वकीलसाहेब भेटायला आले तेव्हा त्यांचेही केस पिकले होते, आणि ते खरंच हळहळले, हे मी नाकारत नाही. म्हणाले, आत्याबाईंचा पाट आम्ही जपून ठेवू.

पुढच्या गुरुवारी मी गेले. पाट काचेच्या कपाटात होता, तलवारीच्या शेजारी उभा. खाली सुबक अक्षरात कार्ड. मी ते वाचलं नाही. कपाट उघडलं, पाट काढला, मधोमध टाकला आणि त्यावर बसले.

"मास्तरीणबाई, हे काय?" वकीलसाहेब दारातून म्हणाले.

"पाट बसायला असतो," मी म्हणाले, आणि शिपायाला घागरभर गोडं पाणी आणायला सांगितलं.