खुर्च्या नसलेलं वाचनालय

वहिनींनी दार अर्धंच उघडलं आणि खाकी कागदांचा एक गठ्ठा माझ्या हातात दिला.

गठ्ठा हलका होता. काय आहे ते मला लगेच कळलं नाही. मग दिसलं. पुस्तकांची कव्हरं. मीच घातलेली. दोन हिवाळे शुक्रवारी बसून, पट्टीने मापून, कोपरे दुमडून, कण्यावर काळ्या शाईने नाव लिहून घातलेली. एकूण एक काढली होती. घड्या तशाच होत्या, त्यामुळे प्रत्येक कागद पुस्तकाच्या आकारात उभा राहायला बघत होता. आत पुस्तक नव्हतं.

"मनावर घेऊ नका हं," वहिनी म्हणाल्या. "प्लॅस्टिकची मागवलीयत मुंबईहून. नाहीतरी बदलायचीच होती."

आतून साहेबांचा आवाज आला, "किल्ली घेतलीस का?"

मी खिशातून कपाटाची किल्ली काढली. वहिनींनी हात पुढे केला नाही. चपलांच्या रॅककडे बोट दाखवलं. मी तिथे ठेवली. आणि म्हणालो, "बरं, वहिनी."

ते 'बरं' मला आजही सहन होत नाही.

हे कतारमधल्या दोह्यातलं, फरीज बिन ओमरान या वस्तीतलं घर. ऐंशी सालानंतरची गोष्ट. साहेब आमच्या कंपनीत सीनियर इंजिनियर होते, मी त्याच कंपनीत टायपिस्ट. सगळे त्यांना साहेबच म्हणत आणि त्यांच्या बायकोला वहिनी. सुट्टीवरून परतणारं प्रत्येक मराठी कुटुंब येताना दोनचार पुस्तकं आणायचं. ती साहेबांच्या हॉलमधल्या कपाटात जमा व्हायची आणि शुक्रवारी दुपारी त्यांची अदलाबदल व्हायची. मी एकटा होतो, पदवीधर होतो, वाचणारा होतो. म्हणून कपाट माझ्याकडे दिलं होतं.

मी कोण, हे कोणी सरळ विचारलं नव्हतं. मराठी माणसं विचारतात तसं विचारलं होतं. मूळचे कुठले? घरी कोण कोण? दिवाळीला काय करता? आडनावाच्या शेवटी 'कर' होतं. डोळ्यांवर चष्मा होता. बाकीचं त्यांनी मनाने भरून घेतलं. मी खोटं बोललो नाही. खरंही बोललो नाही.

मग एका शुक्रवारी कंपनीचा ड्रायव्हर संपत साहेबांकडे गॅसचा सिलिंडर पोचवायला आला. संपत नांदेडकडचा. साइटवर बोलता बोलता तो माझ्या मावशीच्या गावचा निघाला होता. सिलिंडर उतरवून त्याने मान वर केली, मला पाहिलं, तोंडभर हसला. दारातूनच म्हणाला, "जय भीम, भाऊ."

माझ्या तोंडून उत्तर गेलं. विचार करायच्या आत गेलं. लहानपणापासून ते तसंच जातं. पण हळू गेलं. ओठांतल्या ओठांत. चोरी केल्यासारखं.

तरी हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. वहिनींच्या हातातला ट्रे थांबला. साहेब हसले. "अरे वा," म्हणाले, "आम्हाला ठाऊकच नव्हतं."

वाईट कोणी काही बोललं नाही. चहा आला. मी प्यालो. पुढच्या शुक्रवारी ही कव्हरं.

ती घेऊन मी रस्त्याने चालत गेलो. टाकता येत नव्हती. माझं अक्षर होतं त्यांच्यावर. शरम नेमकी कशाची वाटते आहे, ते मी नंतर पुष्कळ तपासून पाहिलं. त्यांनी केलं त्याची होतीच. पण तिच्याखाली दुसरी होती. संपत दारात उभा राहून मोठ्याने बोलला होता. मी आत खुर्चीवर बसून हळू.

त्याच हिवाळ्यात आई गेली.

तार ऑफिसच्या पत्त्यावर आली. रजा साहेबांच्या हातात होती. "आता जाऊन काय करणार?" ते म्हणाले. "एव्हाना सगळं आटोपलं असेल. उन्हाळ्यात जा, इन्शाल्ला." आवाज मऊ होता. मी टाइपरायटरपाशी परत आलो आणि सिमेंटच्या ऑर्डरचं पत्र पूर्ण केलं.

खोलीवर बसून राहिलो. कोणाचं माणूस गेलं की त्याच्याकडे जाऊन बसतात. काही बोलायचं नसतं, नुसतं बसायचं असतं. फरीज बिन ओमरानमधून कोणी आलं नाही. संपत मेसमधून डबा घेऊन आला. आणि आले इद्रिस.

इद्रिस सुदानचे. सार्वजनिक वाचनालयातला इंग्रजी विभाग ते सांभाळायचे. कपाटाची किल्ली गेल्यापासून मी संध्याकाळी तिथे जाऊन वाचत असे. तेवढीच ओळख. त्यांच्यात मयतानंतर तीन दिवस बसायला जातात. ते तिन्ही संध्याकाळी आले. माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसले. थर्मासमधून चहा ओतून दिला. शेवटच्या दिवशी त्यांनी एकच विचारलं.

"आई कशी बोलायची?"

कशी होती, असं नाही. कशी बोलायची.

मी सांगितलं. आई आमच्याच गावात जन्मली, त्याच गावात दिली, तिथेच मेली. पण गावातल्या लोकांशी बोलताना ती नेहमी 'तुमचं गाव' म्हणायची. "तुमच्या गावाला यंदा पानी बरं हाय, पाटलीणबाई." सगळं आयुष्य तिथे राबून एकदाही 'आपलं गाव' म्हणाली नाही. म्हटलं असतं तर पाटलीणबाई त्यात आली असती, आणि आईने तिला स्वतःबरोबर धरलं असं झालं असतं. ते चालणार नव्हतं.

हे इंग्रजीत समजावताना मला बराच वेळ लागला. इद्रिस ऐकत राहिले. आणि मी, मराठीचा पदवीधर, आईचं ते बोलणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

जानेवारी सरता सरता इद्रिसनी मला वाचनालयात बोलावलं. मागच्या खोलीत मोठ्या टेबलावर चित्रांची पेटी उघडी होती आणि एक बाई कात्रीने पुठ्ठे कापत होत्या. या रूथबाई. अमेरिकेतल्या काळ्या. दोह्यातल्या एका शाळेत शिकवायच्या. त्यांच्या देशात फेब्रुवारीत काळ्या लोकांचा इतिहास साजरा करतात. वाचनालयांतून चित्रं लावतात, मुलांना गोष्टी सांगतात, वाचनं ठेवतात. ते इथेही एक आठवडा करायचं, अशी परवानगी इद्रिसनी मिळवली होती.

'साजरा' हा शब्द मला खटकला. मी विचारलं, गुलामीचं काय साजरं करायचं?

"गुलामीचं नाही," रूथबाई कात्री न थांबवता म्हणाल्या. "आम्ही संपलो नाही, त्याचं."

चित्रं भिंतीवर लागली. कापसाचं शेत. चर्चच्या पायऱ्यांवरची माणसं. हातात पाटी धरलेली म्हातारी. मुलांसाठी गोष्टीची दुपार झाली. कतारी मुलं आली, पॅलेस्टिनी मास्तरांची आली, केरळी आली. रूथबाई हात नाचवून सांगत होत्या आणि मुलं जमिनीवर पुढे पुढे सरकत होती. मी दाराशी उभा राहून बघत होतो. कोणी कोणाला मागे सरक म्हणत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी वाचन होतं. रूथबाईंनी स्वतःच्या लहानपणावर एक पान लिहिलं होतं. तेच पान वाचनालयात येणाऱ्यांच्या भाषांत वाचायचं. अरबी, इंग्रजी, उर्दू, मल्याळम. मराठी माझ्याकडे.

पान साधं होतं. त्यांच्या शहरातलं सार्वजनिक वाचनालय फक्त गोऱ्यांसाठी होतं. एके दिवशी त्या आणि त्यांच्या मैत्रिणी आत जाऊन खुर्च्यांवर बसल्या, पुस्तकं उघडली. पोलिसांनी बाहेर काढलं. पुढे कोर्टाचा हुकूम आला, दार सगळ्यांना उघडा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. दार उघडं होतं. आत एकही खुर्ची नव्हती. गोऱ्या माणसाला काळ्या माणसाशेजारी बसायला लागू नये, म्हणून शहराने सगळ्या खुर्च्या उचलून नेल्या होत्या. पानाचं शेवटचं वाक्य इंग्रजीत तीनच शब्दांचं होतं. त्या मुलींनी उभ्याने वाचलं, एवढंच.

खुर्च्यांपाशी मी थांबलो. मला खाकी कागद दिसले.

बाकी पान एका बैठकीत झालं. शेवटचं वाक्य होईना. मी कागद घेऊन रूथबाईंकडे गेलो.

"तुमच्याकडे 'वुई' एकच आहे," मी म्हणालो. "मराठीत दोन आहेत. 'आपण' म्हटलं तर ऐकणारा त्यात येतो. 'आम्ही' म्हटलं तर तो बाहेर राहतो."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "ऐकायला कोण येणार आहे?"

इद्रिस बाजूला पुस्तकांवर शिक्के मारत होते. ते म्हणाले, "मला त्यात जपून घाला. इथे सूकमध्ये, बाजारात, काही लोक माझ्या पाठीमागे 'अब्द' म्हणतात. गुलाम. आणि खार्टूमला आमच्या घरी दक्षिणेकडचा माणूस कामाला आला की माझे काका त्याला तेच म्हणायचे. मी हसायचो." त्यांनी पुढच्या पुस्तकावर शिक्का मारला. "तर आधी बघा, मी कुठल्या शब्दात बसतो."

मी 'आम्ही' लिहिलं. आम्ही उभ्याने वाचलं.

गुरुवारी हॉल भरला. वाचनालयाने सगळ्या भाषांच्या मंडळींना बोलावलं होतं. मराठी मंडळी साहेबांबरोबर आली आणि पुढच्या रांगेत बसली. मेसमधली चारपाच माणसं घेऊन संपत मागे उभा होता. मी कागद हातात धरून भिंतीशी होतो. साहेब उठून आले.

"बघू," त्यांनी कागद घेतला. वाचला. "भाषा चांगली आहे हो तुमची."

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"फक्त शेवटी 'आम्ही'चं 'आपण' करू या. इंग्रजांच्या राज्यात आपणही गुलामच होतो की. त्यांच्या क्लबात आपल्यालाही घेत नव्हते. 'आपण उभ्याने वाचलं.' बघा, कसं सगळ्यांना जवळचं वाटतं." त्यांनी खिशातून पेन काढलं. "आणि वाचतो मीच. अशा ठिकाणी आवाज लागतो. तुमचा जरा हळू आहे."

"खरंच, ह्यांचं वाचन ऐकाच तुम्ही," वहिनी खुर्चीतून म्हणाल्या.

पेनाचं टोक माझ्या शब्दावर आलं. माझा हात लागलेला कागद ज्यांनी घरात ठेवला नाही, ते माझ्या वाक्यात येऊन बसत होते. मला न विचारता. खुर्ची ओढून घ्यावी तसे.

मी कागद धरला. ओढला नाही, नुसता धरला.

"नाही," मी म्हणालो.

"काय झालं?"

"'आम्ही'च राहील. यात तुम्ही नाही, साहेब."

हे हळू गेलं नाही. पुढची रांग वळली. मराठी न कळणाऱ्या इद्रिसनीही वर पाहिलं.

साहेबांनी पेनला टोपण लावलं. चेहरा तसाच हसरा होता. "बघा बुवा," ते म्हणाले, "मार्चमध्ये तुमच्या कॉन्ट्रॅक्टच्या रिन्यूअलचंही बघायचंय मला." आणि जाऊन बसले.

मी वाचलं. सुरुवातीला आवाज फाटला. खुर्च्या नेल्या तिथे स्थिर झाला. शेवटच्या वाक्याआधी मी कागदावरून नजर काढली आणि पुढच्या रांगेकडे बघून म्हणालो, "आम्ही उभ्याने वाचलं."

मागे संपतने टाळी वाजवली. मग इतरांनी. साहेबांनीही वाजवली, बोटांच्या टोकांनी.

रूथबाई जवळ आल्या. "कुठला शब्द वापरलात?"

"ज्यात ते नाहीत, तो."

"आणि मी?"

"तुम्ही आहात." मला माझी आई त्यात दिसत होती. ते मी सांगितलं नाही. त्या लोकांसमोर मला रडायचं नव्हतं.

निघताना साहेब थांबले. मंडळींना म्हणाले, "यल्ला, चला, गाडीत बसा, आलोच." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. संपत दारात आला त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"तुम्ही फार मनाला लावून घेता. इथे परदेशात कसलं काय? आपण सगळे एकच."

"केव्हापासून, साहेब?" मी विचारलं.

त्यांना प्रश्न कळला नाही, किंवा कळला. हात मात्र खाली आला.

मार्चमध्ये सही झाली नाही. मी परतलो. पुढे लहान गावांत शिकवलं, लग्न केलं, पुस्तकं जमवली. 'जय भीम' हळू म्हटल्याची शरम गेली म्हणावं, तर तसं नाही. आईला तिच्या हयातीत मी ऐकलं नाही, ही जाणार नाही. दारात 'बरं' म्हणालो, हीसुद्धा नाही. त्यांना मी घालवत बसत नाही.

मी फक्त एक करतो. सभेत, शाळेत, लग्नाच्या पंगतीत, जावयाच्या घरी, कोणीही सहज म्हणालं की आपण सगळे एकच, तर मी बोलणं तिथे थांबवतो. विचारतो, केव्हापासून? लोकांना अवघड होतं. बायको म्हणते, सोडा आता. मी सोडत नाही. उत्तर येईपर्यंत मी त्यांच्या 'आपण'मध्ये नाही.